नव्या शहराचा सोबती

तुम्ही कधी एक गाव सोडून दुसऱ्या गावी राहायला गेला आहात का? गेला असाल, तर ते दिवस तुम्हांला चांगले आठवत असतील. सामान टेम्पोत चढते, शेजारचे लोक निरोप द्यायला येतात आणि ओळखीची गल्ली मागे पडते. नव्या शहरात सारेच नवे. नळाला पाणी किती वाजता येते, दूध कोठे मिळते, शाळेकडे कोणती बस जाते, अशा साध्या गोष्टीही विचाराव्या लागतात.

असे लोक थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशातील सुमारे ४५ कोटी लोक आपले आधीचे ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होते. कोणी लग्नामुळे, कोणी कामधंद्यासाठी, तर कोणी शिक्षणासाठी घर सोडले होते. आपल्या मालेगावचेच उदाहरण घ्या. १८५७ नंतर उत्तर भारतातील अनेक विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली. त्यांतील कित्येक येथे, मोसम नदीच्या काठी स्थिरावली. भारतात कोठेही जाण्याचा आणि कोठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे.

पूर्वी नव्या शहरात आलेल्या माणसाला माणसेच वाट दाखवत. कोकणातून मुंबईच्या गिरणीत कामाला आलेला तरुण आपल्या गावकऱ्यांच्या खोलीवर उतरे आणि खानावळीत जेवे. कोणी मुसाफिरखान्यात, कोणी धर्मशाळेत चार दिवस काढी. आज बहुतेकांच्या हाती मोबाइल आहे. मग नव्या शहरात आलेल्या कुटुंबाला मदत करील असे एखादे ॲप आपण तयार केले तर? त्याचा आराखडा करायला संगणक लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा विचार पुरेसा आहे. चला, तो आराखडा आपण या पाठात करू.

समजा, तुमच्या वर्गातील आठवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या अब्बांना पुण्यात काम मिळाले आहे. घरात अम्मी, दादी आणि धाकटा भाऊ आहे. पुढच्या महिन्यात सर्वांना मालेगावहून पुण्याला जायचे आहे. आपले ॲप या कुटुंबासाठी आहे, असे मनात धरा.

पहिली पायरी : विचारा

ॲपमध्ये काय असावे हे आपण घरी बसून ठरवू नये. ज्यांना ते वापरायचे आहे त्यांना विचारावे. घरातील प्रत्येकाला वेगळे विचारावे, कारण प्रत्येकाची गरज वेगळी असते. अब्बा म्हणतील, "भाडे परवडेल असे घर हवे." अम्मी रेशन, गॅस आणि दवाखाना यांची चौकशी करतील. मैत्रिणीला शाळेची काळजी असेल, तर भावाला मैदानाची. दादी मात्र विचारतील, "तिथे माझ्याशी बोलायला कोणी आहे का?" हा प्रश्नही वहीत लिहून ठेवा. तो आपल्याला शेवटी उपयोगी पडेल.

दुसरी पायरी : कामांचा क्रम लावा

आता सर्व कामे चार रकान्यांत लिहा. 'निघण्यापूर्वी', 'पहिला दिवस', 'पहिला आठवडा' आणि 'पहिला महिना'. शाळा सोडल्याचा दाखला मागणे आणि गॅसजोडणी बदलण्यासाठी अर्ज करणे ही निघण्यापूर्वीची कामे आहेत. जवळचे रुग्णालय, औषधांचे दुकान आणि संकटकाळचा ११२ हा क्रमांक पहिल्याच दिवशी माहीत हवा. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तोही तेथेच असावा.

हा क्रम का लावायचा? कारण एक काम दुसऱ्यावर अवलंबून असते. घराचा नोंदणी केलेला भाडेकरार हातात आला, की तो पत्त्याचा पुरावा होतो. त्यावरून आधार कार्डावरचा पत्ता बदलता येतो. मग बँक, गॅस आणि मतदार यादी यांची कामे सोपी होतात. हा क्रम ठाऊक नसलेला माणूस या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाचा पगार बुडतो. आपल्या ॲपने एक हेलपाटा वाचवला, तरी त्याने मोठे काम केले असे समजा.

तिसरी पायरी : खरी माहिती गोळा करा

चुकीची माहिती देणारा सोबती नसलेलाच बरा. म्हणून प्रत्येक गोष्ट तपासून घ्या. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण शाळेचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे करण्यासाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क दिला आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला मिळायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे एखादी मुलगी घरी बसून राहते आणि तिचे वर्ष वाया जाते. नववी-दहावीला मात्र हा कायदा लागू होत नाही. त्या मुलांनी दाखला आधीच घेऊन ठेवावा.

दुसरे उदाहरण रेशनचे. अन्नसुरक्षा योजनेतील कुटुंबाला गाव बदलले म्हणून धान्य सोडावे लागत नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. मालेगावच्या शिधापत्रिकेवर पुण्यातील रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. त्यासाठी शिधापत्रिका आधारशी जोडलेली असावी लागते.

तिसरे उदाहरण घराचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी शब्दावर अनामत रक्कम देणारा भाडेकरू पुढे अडचणीत येऊ शकतो.

अशी प्रत्येक माहिती लिहिताना तिच्याखाली 'कोठून मिळाली' आणि 'केव्हा तपासली' हेही लिहा. बसचे मार्ग बदलतात, कचेऱ्यांच्या वेळा बदलतात. वर्षभर न तपासलेली माहिती शिळ्या अन्नासारखी असते.

शहराच्या काही खुणा कोणत्याच कायद्यात सापडत नाहीत. त्याही लिहाव्या लागतात. पुण्यात कोणी "मी शनिवारात राहतो" म्हणाले, तर नवा माणूस गोंधळतो. तेथे सोमवारपासून रविवारपर्यंत वारांच्या नावांच्या पेठा आहेत. 'कॅम्प' मालेगावातही आहे आणि पुण्यातही आहे. ॲपने हे सांगितले नाही, तर कोण सांगणार?

चौथी पायरी : भाषेचा विचार करा

आपले ॲप मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत असावे. येथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण तुम्हांला दोन्ही भाषा येतात. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. उर्दूत 'दाखला' म्हणजे प्रवेश. "शाळेचा दाखला आणा" असे वाचून उर्दू जाणणारी आई म्हणेल, "प्रवेश घेण्यासाठीच तर आम्ही आलो आहोत, तो आणू कोठून?" एका शब्दामुळे तिला परत जावे लागेल. म्हणून नुसता शब्द बदलू नका, अर्थ पोहोचतो का ते पाहा.

लिपीचेही तसेच आहे. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. म्हणून उर्दू पानावर 'मागे जा' हा बाण उजवीकडे वळलेला हवा. आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच लिहितात. त्यामुळे फोन क्रमांक उलटा छापला जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नस्तालीक अक्षरे खालीवर पसरतात, म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ऐकण्याची सोय असावी.

पाचवी पायरी : काय विचारू नये ते ठरवा

ॲप सुरू करताना ते आपल्याला प्रश्न विचारते. कोणते शहर, घरात किती माणसे, मुले कितवीत, एवढे विचारले तर पुरे. घर शोधताना धर्म आणि जात विचारणारा रकाना आपल्या ॲपमध्ये असता कामा नये. नाव ऐकून घर नाकारल्याचा अनुभव कित्येकांना आलेला असतो. तो अनुभव आपल्या हातून आणखी कोणाला येऊ नये. आधार क्रमांकही मागू नये, कारण वाट दाखवण्यासाठी त्याची गरज नाही. लोकांच्या खाजगी माहितीचे रक्षण करण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आहे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे.

सहावी पायरी : कागदावर चाचणी घ्या

आता पोस्टकार्डाएवढे कागद कापा. एका कागदावर ॲपचे एक पान काढा. मग घरातील एखाद्या मोठ्या माणसासमोर ते कागद ठेवा आणि म्हणा, "तुम्ही पुण्यात नवे आला आहात. शाळेचा पत्ता शोधा." ते कोठे बोट ठेवतात ते पाहा. मध्येच मदत करू नका. ते अडले, तर चूक त्यांची नाही, आपल्या आराखड्याची आहे. कागद फाडून नवा काढायला काहीच खर्च येत नाही. तयार झालेले ॲप बदलणे मात्र महाग पडते. प्रवासात नेटवर्क नसले, तरी महत्त्वाचे क्रमांक आणि पत्ते दिसावेत, हेही ध्यानात ठेवा.

आता दादींच्या प्रश्नाकडे वळू. "तिथे माझ्याशी बोलायला कोणी आहे का?" याचे उत्तर कोणतेही यंत्र पूर्णपणे देऊ शकत नाही. ॲप फार तर जवळचे वाचनालय, बाग किंवा मशीद दाखवील. पण दार उघडून "या, बसा, पाणी घ्या" असे म्हणणारा शेजारी ॲपमध्ये मिळत नाही. तो शेजारी तुम्ही होऊ शकता.

तुमच्या वर्गातही एखादा नवा विद्यार्थी आला असेल. तो कदाचित शेवटच्या बाकावर एकटाच बसला असेल. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा आणि त्याला विचारा, "तू कोणत्या गावाहून आलास?" आपल्या आराखड्याचे पहिले काम तेथूनच सुरू करा.

शब्दार्थ
स्थिरावणे : कायमचे राहू लागणे
आराखडा : खाका
हेलपाटा : उगाच पडलेली फेरी
शिधापत्रिका : राशन कार्ड
अनामत रक्कम : पेशगी ठेवलेले, परत मिळणारे पैसे
संमती : रजामंदी, परवानगी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संविधानाच्या १९ व्या कलमाने कोणता हक्क दिला आहे?
(आ) भाडेकराराची नोंदणी करण्याची जबाबदारी कोणाची असते?
(इ) उर्दू पानावर 'मागे जा' हा बाण कोणत्या बाजूला वळलेला असावा?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कामांचा क्रम लावावा लागतो.
(आ) माहितीखाली तपासल्याची तारीख लिहावी.

प्र. ३. 'दाखला' या शब्दाप्रमाणे मराठीत आणि उर्दूत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

प्र. ४. उपक्रम : तुमच्या वस्तीत नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाला भेटा. त्यांना आलेल्या पाच अडचणी विचारा आणि तुमच्या गावासाठी अशा ॲपचे पहिले पान कागदावर काढा.