दरीच्या काठावर

जळगावहून आमची बस दौलताबादचा किल्ला पाहायला निघाली होती. फर्दापूर मागे टाकून बस घाट चढली. तेव्हा ड्रायव्हरचाचा म्हणाले, "सर, इथून आत गेले की वाघोरा नदीची दरी दिसते. मुलांना दाखवायची का?" अजिंठा आमच्या कार्यक्रमात नव्हता, पण मुलांचा आग्रह मला मोडवेना. बस दरीच्या रस्त्याला वळली.

काठावर पोहोचताच मुलांची बडबड थांबली. खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी होती. पावसाळा नुकताच संपला होता. सातकुंडाचा धबधबा कोसळत होता. सुमारे 75 मीटर उंच कड्यात लेण्यांची रांग दिसत होती.

"सर, एवढी मोठी दरी कोणी खोदली?" एका मुलीने विचारले.

"पाण्याने. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर साचले. त्यांचा काळा खडक झाला. नदीने तो हळूहळू कोरला. हीच नदी पुढे वाघूर नावाने जळगाव जिल्ह्यातून वाहते आणि तापीला मिळते. वाघूर धरणाचे पाणी जळगाव शहर पिते."

एवढ्यात एक मुलगा टोकदार दगडाने खडकावर आपले नाव कोरू लागला. मी त्याला जवळ बोलावले.

"एप्रिल 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला होता. त्यालाही ही लेणी योगायोगानेच दिसली. दहाव्या लेण्यातील प्राचीन चित्रावर त्याने आपले नाव कोरले. ती खूण अजून तिथे आहे. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी या चित्रांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा चार भागांचा ग्रंथ 1930 ते 1955 या काळात प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव त्या ग्रंथावर वाचायला मिळते."

"पण सर, हा तर साधा दगड आहे!" मुलगा म्हणाला.

"इथे येणाऱ्या प्रत्येकाने नाव कोरले, तर दगड दिसेल का?" ती मुलगी म्हणाली.

मुलाने हातातला दगड खाली ठेवला. त्याने दप्तरातून वही काढली आणि तो दरीचे चित्र काढू लागला. चित्र पूर्ण झाल्यावर त्याने खालच्या कोपऱ्यात आपले नाव लिहिले.

शब्दार्थ
नाल – घोड्याच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी
कडा – डोंगराची उभी, उंच बाजू
योगायोगाने – आधी न ठरवता, अचानक

स्वाध्याय
1. वाघोरा नदीची दरी कशी तयार झाली?
2. मुलाने आपले नाव शेवटी कुठे लिहिले? का?
3. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या ठिकाणाविषयी पाच वाक्ये लिहा.