उरलेलं सारण

"चांगलं खरपूस परतलं होतं हो डॉक्टर, वाससुद्धा नव्हता." हे वाक्य मला गणपतीच्या दिवसांत बहुधा रात्री उशिरा फोनवर ऐकायला मिळतं, आणि पलीकडे कुणाला तरी उलट्या होत असतात. चौकशी केली की निघतं ते हेच: बटाटेवड्याचं सारण दुपारी बाराला केलेलं, उरलेलं ताटाखाली झाकून ओट्यावर ठेवलेलं आणि रात्री नऊला परतून पुन्हा वडे काढलेले.

रात्रीच्या परतण्यात खोट नसते. खोट दुपारची असते. बटाटा, तांदूळ, डाळी यांच्याबरोबर मातीतून बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू घरात येतात आणि शिजवूनही टिकून राहतात. सारण कोमट राहिलं की ते रुजतात, वाढतात. त्यांच्यातल्या काहींनी सोडलेलं उलट्या करणारं विष उकळूनही जात नाही. गोळे वळताना हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचीही तीच कथा. परतल्याने जंतू मरतात, विष राहतं. आणि त्याला ना वास, ना चव.

करून तीन तास झालेल्या सारणाच्या ढिगात मधोमध बोट खुपसून बघा. वरून गार, आत अजून ऊब. जंतूंना साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमधली हीच ऊब मानवते. म्हणून उरणार असं दिसलं की सारण लगेच पसरट डब्यात काढा, थर दोन इंचांहून जाड नको, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. पूर्ण गार होईपर्यंत थांबायचा आपल्याकडचा शिरस्ता सोडा; वाफ गेली की पुरे. तिथून तीन-चार दिवस चालतं. ओल्या नारळाचं मोदकाचं सारण मात्र मी आमच्या घरी दोन दिवसांपुढे ठेवू देत नाही, बायको कितीही म्हणो.

गरम करताना लागेल तेवढंच काढा, एकदाच गरम करा. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून मध्यापर्यंत सणसणीत वाफ आणा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. पुरण घट्ट असतं, त्याच्या गुठळ्या आधी उलथन्याने फोडा. मायक्रोवेव्हमध्ये मधेच एकदा ढवळा, नाहीतर कडेला चटका आणि मध्ये गारेगार. फ्रीजमधल्या सारणाचे तसेच गोळे करून तळणं तर नकोच: वरचं बेसन खमंग होतं, आतलं कोमटच राहतं. पॅटिसच्या खिम्याबाबत हे दुप्पट काटेकोरपणे पाळा. अमेरिकेत लेकीकडे थँक्सगिव्हिंगला गेलात तर टर्कीच्या पोटातलं उरलेलं सारणही पक्ष्यातून काढून, वेगळ्या डब्यात भरूनच फ्रीजमध्ये ठेवायला सांगा.

एवढं करूनही त्रास झालाच तर ओआरएस घोट घोट घेत राहा. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न ठरणं, लघवी फार कमी होणं यांपैकी काही दिसलं, किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई वा वयस्कर असेल, तर सकाळची वाट बघू नका. आणि फोनवर काय खाल्लं एवढंच नको, ते किती वाजता केलं होतं आणि मधे कुठे ठेवलं होतं तेही सांगा.