तयार साचा आणि टँकरच्या फेऱ्या

कामांचे वेळापत्रक ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या प्रणालीत तयार साचा मिळतो. साचा म्हणजे तक्ते, नोंदी भरण्याची प्रपत्रे आणि अहवाल यांची आधीच मांडून ठेवलेली जुळणी, जिच्यात वापरणाऱ्याने केवळ माहिती भरायची असते. तो इंटरनेटशिवाय एका संगणकावर चालतो, त्यामुळे शहापूर-मुरबाडमधल्या डोळखांब किंवा टोकावडे परिसरात, जिथे रेंजचा भरवसा नसतो, तिथल्या लहान कार्यालयाला तो सोयीचा वाटतो, आणि तसा तो आहेही. घोटाळा होतो तो साच्यात न सांगता दडलेल्या गृहीतकांमुळे.

ॲक्सेसच्या ‘टास्क्स’ साच्यात कामाचे शीर्षक, प्राधान्य, सद्यस्थिती, जबाबदार व्यक्ती, प्रारंभाची आणि अखेरची तारीख असे रकाने असतात. ही मांडणी एकदा सुरू होऊन एकदा संपणाऱ्या, एकाच माणसावर सोपवलेल्या कामासाठी बेतलेली आहे. शहापूर-मुरबाडमधील उन्हाळी कामाला ती लागू पडत नाही. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, आणि टँकरची फेरी पुरी झाली तरी काम संपत नाही, ते दिवसाआड पुन्हा उभे राहते. पुनरावृत्तीची सोय साच्यात नसल्याने मग जुनीच नोंद उघडून तिची तारीख बदलण्याचा सोपा मार्ग धरला जातो, आणि मागची फेरी झाली होती याचा पुरावाच पुसला जातो. टँकरचे देयक तपासताना नेमका तोच पुरावा हवा असतो.

म्हणून पहिली नोंद भरण्यापूर्वीच तक्ते दोन करावेत: एकात पाडा, तिथली माणसे आणि किती दिवसांआड फेरी हवी ते, दुसऱ्यात प्रत्यक्ष झालेली प्रत्येक फेरी, वाहन क्रमांक आणि गावकऱ्यांची सही झाली की नाही ते. एका पाड्याच्या अनेक फेऱ्या असतात, या नात्याला एकास-अनेक संबंध म्हणतात. हे दोन तक्ते जोडताना पाड्याचे नाव वापरू नये, कारण ठाकूरपाडा आणि कातकरीवाडी गावोगाव आहेत. प्रत्येक पाड्याला स्वतंत्र संकेतांक द्यावा. माणसांच्या आकड्याशेजारी तो कधी मोजला ती तारीखही असावी, कारण दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर परततात आणि हिवाळ्यातला आकडा मे महिन्यात खोटा ठरतो.

सर्वांत फसवी बाब तारखेची आहे. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०४ असे टंकलेली ५ एप्रिलची फेरी ४ मेच्या खात्यात जमा होते. १३/०४ मात्र तेरावा महिनाच नसल्यामुळे बिनबोभाट १३ एप्रिल म्हणून स्वीकारली जाते. चूक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांपुरतीच होत असल्याने उरलेल्या बरोबर तारखा पाहून कोणाला शंकाही येत नाही, आणि ५ एप्रिलच्या यादीत त्या पाड्याचे नावच नसते. संगणकाने तक्रार केली नाही म्हणजे नोंद बरोबर, हा समज इथे महागात पडतो. प्रादेशिक मांडणी आधी भारतीय करावी आणि रकान्यात महिना अक्षरांत दिसेल असे स्वरूप निवडावे. चुकून साठलेल्या जुन्या तारखा मांडणी बदलल्याने सुधारत नाहीत, त्या कागदी नोंदवहीशी ताडूनच दुरुस्त कराव्या लागतात.

पेनड्राइव्हवरून फाइल इकडून तिकडे नेल्यास दोन भिन्न प्रती तयार होतात आणि खरी कोणती हे कळेनासे होते. तेव्हा मूळ फाइल एकाच संगणकावर राहावी, दुसरीकडे फक्त छापील यादी जावी, आणि दिवसाअखेर तारखेच्या नावाने एक प्रत बाजूला काढावी; वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात ही शिस्त अतिरेकी वाटू नये.

टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत आखला जातो. त्यातला पहिला टप्पा तुलनेने निवांत असतो. साच्याची मोडतोड, दुरुस्ती आणि चार-दोन पाड्यांची चाचणी त्याच काळात उरकून घ्यावी, एप्रिलमध्ये त्याला हात लावू नये.