शेतावरील ओंडक्याची तुळई व साखळी-करवत

अंबरनाथ व बदलापूर या भागांत पावसाळ्याच्या तोंडीं वादळ झालें कीं बांधावरचें एखादें ऐनाचें किंवा फणसाचें झाड उन्मळून पडतें. मालक बहुधा तें सरपणाच्या भावानें विकून मोकळा होतो. आणि पुढें गोठ्याच्या कौलारू छपरास तुळई हवी म्हणून तोच मालक वखारींत पैसे मोजतो. हें दुहेरी नुकसान टाळतां येण्यासारखें आहे. पूर्वीं खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवून एक मनुष्य वर व एक खालीं उभा राहून मोठी करवत ओढीत. तसे कसबी आतां दुर्मिळ झाले. त्यांचें काम पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत करूं शकते. मात्र ती कोणत्या कामास योग्य व कोणत्या कामास अयोग्य, हें शेतकरी बंधूंनीं आधीं समजून घेतलें पाहिजे.

परवानगी.—साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ व खैर हीं झाडें १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचींत आहेत. स्वतःच्या शेतांतील असलीं तरी तीं परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगांव-बदलापूर या नगरपरिषदांच्या हद्दींत १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण अधिनियम लागू आहे. झाड वाऱ्यानें पडलेलें असलें तरी त्यास करवत लावण्यापूर्वीं तलाठ्यास व वनखात्याच्या कचेरीस कळवावें. यंत्रानें चिरकाम करण्यास व माल गाडीनें हलविण्यास परवाना लागतो कीं काय, हेंही तेथेंच विचारून घ्यावें.

यंत्र.—नेहमींच्या साखळीचे दांते आडवें लांकूड तोडण्यासाठीं सुमारें ३० अंशांच्या कोनांत घासलेले असतात. उभें चिरण्यास हा कोन सुमारें १० अंश असलेली निराळी साखळी घ्यावी. इंजिन सत्तर घनसेंटिमीटरांहून लहान नसावें. लहान इंजिन लांब चिरेवर तापून निकामी होतें. करवतीच्या पट्टीस लोखंडी चौकट बसविली असतां चिरेची खोली एकसारखी राहते.

फळ्या नव्हे, तुळया.—साखळीची चीर सुमारें ३ सूत रुंद पडते. बारा इंची ओंडक्याच्या इंची फळ्या पाडल्या, तर आठ चिरांत ३ इंच लांकडाचा भुसा होईल. तुळईस मात्र चारच चिरा पुरतात. म्हणून फळ्या हव्या असतील तर ओंडका गिरणींतच न्यावा. साखळी-करवत तुळया व खांब यांसाठीं ठेवावी.

माप.—चौरस तुळई सर्वांत बळकट, असा समज सर्वत्र आहे. पण तो बरोबर नाहीं. ओंडक्याच्या बारीक टोंकावर साल व सालीखालचें पांढरें कच्चें लांकूड सोडून वर्तुळ काढावें व त्याच्या व्यासाचे तीन समान भाग करावे. एका खुणेपासून वर व दुसरीपासून खालीं काटकोनांत रेघ काढून ती परिघास भिडवावी. हे दोन बिंदु व व्यासाचीं दोन टोंकें जोडलीं म्हणजे तुळईचा छेद मिळतो. व्यास १२ इंच असल्यास ही तुळई सुमारें ७ इंच रुंद व ९॥। इंच उंच होते. त्याच ओंडक्यांतून चौरस तुळई साडेआठ इंची निघते. चौरस तुळईंत लांकूड अधिक असूनही उभट तुळई सुमारें ९ टक्के अधिक भार सोसते, व तितक्याच भाराखालीं तिचा झोल सुमारें पांचवा हिस्सा कमी असतो. अर्थात् बसवितांना ती उभ्या बाजूवरच बसविली पाहिजे. मूळचा बांक असेल तर तो वरच्या अंगास ठेवावा. मोठी गांठ मध्यावर खालच्या बाजूस येऊं देऊं नये, कारण ताण तेथेंच सर्वांत अधिक असतो.

कृति.—ओंडका दोन आडव्या लांकडांवर ठेवून पाचरी माराव्या. जुन्या बांधावरील झाडांत खिळे व तारा रुतलेल्या असतात. लांकडावर निळसर काळा डाग दिसल्यास तेथें लोखंड आहे असें समजावें. पहिल्या चिरेसाठीं ओंडक्यावर सरळ फळी खिळवून तिच्यावरून चौकट चालवावी. पुढें तोच सपाट भाग मार्गदर्शक होतो. प्रत्येक वेळीं ओंडका फिरवून गुण्या लावावा. चीर मिटून पट्टी अडकूं नये म्हणून मागें पाचर ठोकीत जावें.

सावधगिरी.—पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला कीं करवत क्षणांत अंगावर उसळते. हें काम एकट्यानें कधींही करूं नये. डोळे, कान व पाय झांकलेले असावे. सैल धोतर अगर लुंगी नको. भाड्याचा मनुष्य लावला तरी ही साधनें त्यास मालकानें पुरवावीं. वांचलेल्या पैशांनीं गेलेला हात परत येत नाहीं.

सुकवण.—चिरल्या दिवशींच दोन्ही टोंकांस डांबर अगर जाड रंग लावावा. उन्हांत न ठेवतां छपराखालीं, जमिनीपासून वर, हवा खेळेल अशी तुळई रचावी. जाडीच्या एका इंचास सुमारें एक वर्ष, असा वाळण्याचा ठोकळ हिशेब आहे; म्हणून इतकी जाड तुळई आंतपर्यंत वाळण्याची वाट कोणी पाहत नाहीं. एक हंगाम जाऊं देऊन ती बसवावी व पुढें सांध्यांचे बोल्ट पुन्हां आवळावे. लांबीस समांतर भेगा पडतील. त्यांनीं घाबरूं नये. आडवी चीर मात्र दिसल्यास ती तुळई छपरास वापरूं नये.

चौकट व साखळी यांचा खर्च एकट्यास जड वाटल्यास गांवांतील चार-पांच शेतकऱ्यांनीं तो मिळून करावा. पुढच्या वादळांत पडलेलें झाड सरपणाच्या तराजूंत घालण्यापूर्वीं त्याचें बारीक टोंक एकदां मोजून पाहावें, इतकीच विनंती.