साचलेल्या पाण्यात मुळे का गुदमरतात?

खरिपात संततधार लागली की भारी काळ्या जमिनीतील तुरीच्या शेतात पाणी तुंबते. दोन-तीन दिवसांत झाडे माना टाकतात, खालची पाने पिवळी पडतात. पायाशी पाणी असता झाड सुकावे, हे मोठे कोडे वाटते. खत कमी पडले असे समजून कित्येकजण त्या चिखलातच युरिया फेकतात. तो बहुतांशी वाया जातो. याचे कारण मुळांच्या पेशींत आहे.

मुळांनाही श्वसन करावे लागते. पानांनी केलेली साखर मुळांपर्यंत उतरते आणि पेशीत तिचे विघटन होऊन तीतील इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋणकण, सुटे होतात. पेशीतील तंतुकणिका नामक सूक्ष्म घटकांच्या आतील पडद्यात प्रथिनांची एक साखळी असते. विहिरीवरून घागरी हातोहात पुढे द्याव्या, तसे हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. त्या वेळी सुटणाऱ्या शक्तीने प्रोटॉन पडद्यापलीकडे लोटले जातात. बंधाऱ्यामागे पाणी तुंबावे तसे ते तेथे साठतात व परतताना एका प्रथिनाचे चाक फिरवितात. ही केवळ उपमा नव्हे. ते चाक खरोखरच फिरते. त्यातून ए.टी.पी. हे शक्तिवाहक द्रव्य तयार होते. प्रोटॉनांच्या साठ्याची ही उपपत्ती पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली. तीबद्दल १९७८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळीतील अखेरची घागर घेणारा असतो प्राणवायू. तो नसेल तर मागील सर्वांचे हात भरलेलेच राहतात आणि काम थांबते. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे तुंबलेल्या जमिनीत असलेला साठा मुळे व जंतू लवकरच संपवितात. मग पेशी साखर आंबवून कसेबसे दिवस काढते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून जेथे सुमारे ३० ए.टी.पी. मिळत, तेथे आता अवघे २ मिळतात. नायट्रेट आत ओढण्यास शक्ती लागते, ती उरत नाही. पेशीरस आम्ल होऊन मुळातील पाण्याच्या वाटाही मिटतात. झाड सुकते ते यामुळे. शिवाय जमिनीतील काही जंतू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर आपली साखळी चालवितात व तेवढा नत्र वायुरूपाने उडून जातो. भाताची गोष्ट निराळी. त्याच्या खोडामुळांतील पोकळ्यांतून हवा खाली पोहोचते; तुरीस ही सोय नाही.

म्हणून प्रथम उताराच्या दिशेने चर काढून पाणी बाहेर काढावे. वापसा येताच कोळपणी करावी, म्हणजे जमिनीत हवा खेळू लागेल. पाणी दरवर्षी तुंबत असल्यास पुढील हंगामात वरंब्यावर टोकण करावी.

खत केव्हा द्यावे हे ठरविण्यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमक्ष एक-दोन झाडे मातीसह उकरून मुळे धुवून पाहावीत. गुदमरलेली मुळे तपकिरी व मऊ असतात. त्यांत नवी पांढरी टोके दिसू लागेपर्यंत युरियाचे पोते सोडू नये.