वजन उतरलं, पोट तसंच

डोंबिवली पूर्वेचा, रोज फास्ट लोकलने मुंबई गाठणारा चाळिशीतला नोकरदार. त्याला जाडा कुणी म्हणालं नसतं. शर्टाच्या मधल्या दोन बटणांवर मात्र ताण होता. तपासणीत साखर काठावर निघाली आणि त्याने घरात जाहीर करून टाकलं, पोळी बंद, भात बंद. सकाळी पपई, डब्यात काकडी-गाजर, रात्री सूप. गुरुवारच्या उपवासाला ‘हलकी’ म्हणून साबुदाण्याची खिचडी. पहिल्याच आठवड्यात वजन झरझर उतरलं आणि गाडीतल्या ग्रुपने पार्टी मागितली.

उतरलं होतं ते बहुतेक पाणी. शरीर पिष्टाचा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून असतं. साठा संपला की ते पाणीही जातं. पुढची घट खरी असते, पण खाण्यात प्रथिनं नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दोन-तीन महिन्यांत त्याचे केस कंगव्यात येऊ लागले, स्टेशनचा पूल चढताना पाय भरून यायचे. पट्ट्याचं भोक बदललंच नाही. दिवाळीचा फराळ सुरू झाला आणि गेलेलं वजन परत आलं.

पट्टा का हलला नाही, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखंच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपल्याकडची ठेवण. मुळात स्नायू कमी असलेल्या माणसाने उपाशी राहून तेच झिजवायचे, हा व्यवहार कुठल्याही हिशेबात तोट्याचाच.

त्याच गाडीतल्या दुसऱ्या एकाने उलटं टोक गाठलं. पिष्ट जवळजवळ शून्य, आणि वर लोणी, चीज, मूठमूठ शेंगदाणे, तेही ‘प्रोटीन’ म्हणून. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं 25 ग्रॅमच्या आसपास असतात हे खरं, पण उष्मांक साडेपाचशेच्या वर आणि त्यातले बरेचसे तेलाचे. पिष्ट आणि प्रथिनं ग्रॅमला 4 उष्मांक देतात, स्निग्ध पदार्थ 9. त्याचं वजन हललं नाही. बद्धकोष्ठ मात्र झालं.

मग ताटात किती काय असावं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचाहत्तर किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे 62 ग्रॅम, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर थोडी जास्तच. आता नेहमीचं खाणं मोजून पाहा. एका पोळीत साधारण 3 ग्रॅम, पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच, पोह्यांच्या बशीत तीनेक. दिवसअखेर बेरीज जेमतेम पस्तीस-चाळीसपर्यंत जाते. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळपास नसतातच.

कर्बोदकं, म्हणजेच पिष्ट, शून्यावर आणायची गरज नाही. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीतल्या 18,090 प्रौढांच्या आहारावरून 2022मध्ये संशोधकांनी गणित मांडलं. नव्याने मधुमेह निघालेल्यांना तो मागे हटवायचा तर दिवसाच्या उष्मांकांपैकी कर्बोदकं 49 ते 54 टक्के, प्रथिनं 19 ते 20 आणि स्निग्ध पदार्थ 21 ते 26 टक्के. म्हणजे निम्मे उष्मांक पिष्टाचे चालतात, फक्त आज त्यांचा वाटा त्याहून बराच जास्त असतो.

डब्यात चार पोळ्यांऐवजी दोन आणि वरण दाट. सुक्या बटाट्याच्या भाजीऐवजी मटकीची उसळ किंवा कुळथाचं पिठलं. सोबत दही, चालत असेल तर दोन अंडी, म्हणजे 12 ग्रॅम प्रथिनं. भाकरीने वजन वाढत नाही, ही समजूत सोडलेली बरी. तिच्यात तंतू जास्त असतात, पण पीठ ते पीठच. संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर वडापावचा वास झेपत नसेल तर बॅगेत फुटाणे ठेवावेत. ठाण्याच्या मामलेदारची मिसळही वर्ज्य नाही. खालची उसळ कामाची आहे, जपायचं ते तर्री, फरसाण आणि दुसऱ्या पावाला. आगरी घरांत सुके बोंबील असतातच. प्रथिनं भरपूर, पण मीठही तेवढंच, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावेत. तेल मात्र मोजूनच, कारण पोहे खाण्याच्या एका चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास उष्मांक असतात.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आपल्या मनाने वाढवू नयेत. आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम तोडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशा वेळी आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा, पोळ्या त्यानंतर कमी कराव्यात.