आमसुलांना पुन्हा पुन्हा रसाची पुटं का देतात?

प्रश्न : कुडाळहून सासूबाईंनी रातांब्यांची टोपली पाठवली आहे. त्या म्हणतात, साली वाळवायच्या, रसात घोळवायच्या, परत वाळवायच्या, रस संपेपर्यंत. एकदाच कडकडीत वाळवल्या तर काय बिघडतं? गेल्या वर्षी मी तसंच केलं आणि श्रावणात बरणीत बुरशी धरली. एवढी आंबट वस्तू, वर मीठ लावलेलं, तरी नासते कशी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सासूबाईंचं ऐका. त्यांच्या पद्धतीमागे पक्की कारणं आहेत.

आधी बुरशीबद्दल. आंबटपणामुळे पदार्थ टिकतो हे खरं, पण ते अर्धंच. बंद डब्यातल्या अन्नात ज्याची सर्वांत जास्त धास्ती असते तो बोटुलिनम जिवाणू सामू ४.६ च्या खाली वाढू शकत नाही, आणि कोकम त्याहून कितीतरी आम्ल असतं. बुरशीला मात्र आंबटाचं वावडं नाही. तिला लागतं पाणी. सालीच्या पोटात थोडा जरी ओलावा राहिला तरी तिचं भागतं. मीठ हाच ओलावा बांधून ठेवतं, म्हणजे पाणी तिथे असतं पण बुरशीच्या उपयोगाचं नसतं. मीठ वरवर भुरभुरवलं तर ते सालीच्या आत पोचत नाही.

आता पुटांबद्दल. रातांबा चिरून बिया आणि गर एका भांड्यात काढतात, त्यात मीठ घालतात, आणि सुटलेल्या लालभडक रसात उन्हात सुकलेल्या साली बुडवतात. सुकलेली साल तहानलेली असते. ती रस ओढून घेते आणि त्याबरोबर मीठही आत जातं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पाणी उडतं. आम्ल, रंग आणि मीठ सालीतच राहतात. प्रत्येक पुटाला हे वाढत जातं. म्हणून घरची चार आमसुलं आमटीला पुरतात, आणि एकदाच वाळवलेली सालपटं मूठभर घातली तरी सार फिकंच राहतं. रस फेकून दिलात तर कोकमाचा अर्धा जीव मोरीत गेला म्हणायचं. पुटं किती, हे घराघरात वेगळं. रस संपला आणि साल काळसर जांभळी, लवचीक पण हाताला कोरडी लागू लागली, की थांबावं.

दोन पुटांच्या मध्ये मात्र घाई नको. ओल्या सालीवर पुढचं पूट चढवलं तर ती आत ओलीच राहते. वाळवायला सूप, रोवळी किंवा सुती कापड घ्यावं, वर मच्छरदाणीचा तुकडा. ॲल्युमिनियम, लोखंड किंवा बिनकल्हईचं पितळ या कामाला आणूच नये, आम्ल त्यांना खातं. साठवायला काच किंवा चिनी मातीची बरणी.

आणखी एक. पावसाळ्यात आमसुलांना चिकट पाणी सुटतं, त्याला घाबरू नका. खडेमीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, इतकंच. पांढरे कण दिसले तर थेंबभर पाण्यात टाकून पाहा. विरघळले तर मीठ, तंतूंसारखे तसेच राहिले तर बुरशी. बुरशी असेल तर सगळं टाकून द्यावं. पुन्हा ऊन दाखवून ती जात नाही.

कोकणात हे सगळं पावसाच्या धाकात चालतं. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात, आणि उशिरा पिकणाऱ्या झाडांचं फळ पावसात सापडून झाडाखालीच कुजतं. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोचला, एरवीची तारीख ११ जून. ज्यांची पुटं तेव्हा अर्ध्यावर होती त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचं मोल लवकर तयार होण्यात आहे ते याचसाठी.

तुमच्या गॅलरीत सलग चार-पाच दिवस कडक ऊन येत नसेल तर आमसुलांचा हट्ट धरू नका. टोपलीचे दोन भाग करा. एका भागाचं आगळ : १ किलो सालीला १५० ते २०० ग्रॅम मीठ, कोरड्या बरणीत, रोज कोरड्या चमच्याने ढवळायचं, आठवडाभराने गाळायचं. सोलकढीला वर्षभर दुसरं काही लागत नाही. दुसऱ्या भागाचं अमृत कोकम : सालीच्या दुप्पट वजनाची साखर, थरावर थर. साखरही मिठासारखंच पाणी बांधते, पण तिला ते जमायला प्रमाण भरपूर लागतं. गोड कमी आवडतं म्हणून साखर निम्मी केली की सरबत फसफसतं. गोडी कमी करायची ती पेल्यात पाणी वाढवून.

बियाही धुऊन वाळवून ठेवा. त्यातून निघणारं तेल, म्हणजे मुठेल, सुमारे ४० अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून थंडीत ते गोळ्यासारखं घट्ट राहतं आणि भेगाळलेल्या टाचेवर चोळलं की हाताच्या उबेने मऊ होतं. ते घरी काढायला बरेच रातांबे लागतात, तेव्हा एका टोपलीच्या बिया गावी परत पाठवल्या तर सासूबाई त्या आपल्या बियांत मिसळतील.